मशीन विकणे आहे

घोरपडे पेठेतल्या वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. वाडा पाडणार, तिथं नवी इमारत उभी राहणार, हे मी दहा वर्षं ऐकत होतो. गेल्या वर्षी रमजान ईद झाली आणि खरंच नोटीस आली. दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायच्या. कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर एका बेडरूमचं घर भाड्यानं मिळालं. बायकोनं टेप घेऊन तिथली प्रत्येक भिंत मोजली आणि वहीच्या एका पानावर दोन रकाने केले. एक ‘न्यायचं’, दुसरा ‘काढायचं’. काढायच्या रकान्यात लोखंडी कपाट, कूलर, मुलीची लहानपणीची सायकल आणि सगळ्यात खाली, पेननं नाही तर पेन्सिलीनं, अम्मीचं मशीन.

मशीन खरं तर अब्बांचं. काळं, सोनेरी फुलांची नक्षी असलेलं, बिडाच्या स्टँडवरचं पायाचं मशीन. अब्बा शिंपी होते. दिवसा दुकानात दुसऱ्याच्या मशीनवर बसायचे, रात्री घरी स्वतःच्या. ईदच्या आधीचे पंधरा दिवस आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस हे मशीन रात्री दोनपर्यंत चालायचं आणि आम्ही भावंडं त्या आवाजात झोपायचो. 2011 साली अब्बांचा इंतकाल झाला. त्यानंतर अम्मीनं त्याच मशीनवर पेठेतल्या बायकांचे ब्लाउज, परकर, उशांचे अभ्रे शिवले. गुडघे गेले तसं ते थांबलं. शेवटची पाच वर्षं त्यावर एक चादर आणि चादरीवर माझ्या शाळेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

बायकोनं पेन्सिलीनं का लिहिलं होतं ते अम्मीला लगेच कळलं. “पेननं लिही,” ती म्हणाली. “नवीन घरात चालायला जागा नको का?”

विकायचं कसं, हा प्रश्न मुलीनं सोडवला. ती नववीत आहे. जुन्या वस्तू विकायचं एक अ‍ॅप तिनं माझ्या फोनवर टाकलं, माझा नंबर, माझं नाव भरलं आणि म्हणाली, “पप्पा, फोटो काढा, किंमत टाका, लोक येतील.” मशीनची जाहिरात मी स्वतः लिहिली. मराठीचा मास्तर आहे, एवढं तर जमायला हवं. लिहिलं की मशीन फुल शटलचं आहे, जुनं आहे, नियमित तेल घातलेलं आहे, पट्टा नवा आहे, स्टँडचा एक पाय वेल्डिंग केलेला आहे आणि जाड कापडावर कधी कधी टाका सुटतो. किंमत 4,500 रुपये.

शेवटची दोन वाक्यं वाचून मुलगी हसली. “हे कोण लिहितं?”

आम्ही लिहितो. अब्बांची ती शिकवण होती. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. लहानपणी मी अब्बांचं बोट धरून तिथं जायचो. ते कात्र्या बघायचे, इस्त्र्या बघायचे, मशीनचे सुटे भाग शोधायचे. कधी घरातली एखादी वस्तू पिशवीत घालून विकायलाही न्यायचे. गिऱ्हाईक वस्तू हातात घेण्याआधीच सांगायचे, “इसमें ये ऐब है, देख लो.” ऐब म्हणजे खोट, दोष. मला तेव्हा वाटायचं की अब्बांना धंदा कळत नाही. शेजारचा माणूस बंद पडलेला रेडिओ ‘फक्त सेल टाका’ म्हणून खपवायचा आणि अब्बा चालत्या इस्त्रीची वायर कुठं तापते ते दाखवत बसायचे.

मोठा झाल्यावर कळलं की हे त्यांचं स्वतःचं नव्हतं. मदिनेच्या बाजारातली धान्याच्या ढिगाऱ्याची गोष्ट त्यांनी मशिदीत ऐकलेली होती. पैगंबरांनी ढिगाऱ्यात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस. अब्बांना हदीसचे ग्रंथ वाचता येत नव्हते. पण ही एवढी गोष्ट ते इस्त्रीला, कात्रीला, मशीनला लावत आले.

तर मी ओलं धान्य वर ठेवलं. जाहिरात टाकून दोन मिनिटं झाली नसतील, पहिला मेसेज आला.

“लास्ट प्राइस?”

मी आनंदानं सविस्तर उत्तर लिहिलं. नमस्कार, मशीन चांगलं आहे, आपण कुठे राहता, येऊन पाहा, किमतीचं बघू. पलीकडून काहीच नाही. मग दुसरा. “लास्ट?” तिसरा. “अव्हेलेबल?” मी लिहिलं, हो. तोही गेला. संध्याकाळपर्यंत असे तेवीस जण विचारून गेले. मुलीनं समजावलं की हे लोक एकाच वेळी पन्नास ठिकाणी हाच प्रश्न टाकतात, तुम्ही प्रत्येकाला पत्र लिहू नका.

पण मला त्या प्रश्नाचीच गंमत वाटत होती. वस्तू बघितली नाही, हात लावला नाही, आणि शेवटची किंमत सांगा. जुन्या बाजारात शेवटची किंमत शेवटी यायची. आधी गिऱ्हाईक वस्तू उचलणार, तोंड वाकडं करणार, खाली ठेवणार. दुकानदार आठशे म्हणणार, गिऱ्हाईक तीनशे म्हणणार. मग दोघं एकमेकांच्या ऐपतीचा अंदाज घेणार. गिऱ्हाईक चार पावलं चालत जाणार, मागून हाक येणार. या सगळ्याला पाच मिनिटं लागायची आणि त्या पाच मिनिटांत दोघांनाही कळायचं की समोरचा कसा माणूस आहे. आणखी एक रीत होती. एकाचा सौदा चालू असेल तर दुसरा गप्प उभा राहायचा. मध्ये तोंड घालणाऱ्याला शेजारचे दुकानदारच झापायचे. आपल्या भावाच्या सौद्यावर सौदा करू नये, असं हदीसमध्येही आहे. अ‍ॅपवर तेवीस जण एकाच मशीनवर सौदा करत होते आणि कुणाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

जे थांबले त्यांनी माझंच वाक्य माझ्यावर उलटवलं. “टाका सुटतो मग 4,500 कसले?” “पाय तुटलेला आहे, 800 देतो.” पाय तुटलेला नाही, जोडलेला आहे, असं मी लिहिलं. “तेच ते,” असं उत्तर आलं. एकानं मशीनच्या बदल्यात काच तडकलेला मोबाइल देऊ केला. एकानं सल्ला दिला की भंगारात द्या, बिडाला भाव आहे. वाड्याखाली येणाऱ्या भंगारवाल्यानंही तेच सांगितलं होतं, पण त्यानं निदान मशीन उचलून वजनाचा अंदाज घेतला होता. त्याचे 700 रुपये मला त्या आठशेपेक्षा जास्त इज्जतीचे वाटले.

जे येतो म्हणायचे ते येत नसत. एक रविवार मी असाच घालवला. कूलर बघायला अकराला येणारा साडेअकराला “निघालो” म्हणाला, साडेबाराला “स्वारगेटला आहे” म्हणाला, दोनला त्याचा फोन बंद. स्वारगेटपासून आमच्या पेठेत चालत आलं तरी पंधरा-वीस मिनिटं लागतात. अम्मीनं त्याच्यासाठी चहाचं आधण दोनदा ठेवलं आणि दोनदा उतरवलं. मी जुम्म्याच्या नमाजलाही एकदा असाच अडकलो होतो. गिऱ्हाईक दीडला येतो म्हणालं म्हणून घरी थांबलो. गिऱ्हाईकही आलं नाही आणि जमातही गेली. अम्मी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

त्याच आठवड्यात कूलरला एक फार सभ्य गिऱ्हाईक मिळालं. माणूस हिंदीत बोलत होता. लष्करात आहे, पुण्यात बदली झाली आहे, क्वार्टरमध्ये सामान लावतोय, कूलर पसंत आहे. किंमत 3,500 लिहिली होती, त्यानं एक रुपयाही कमी करा म्हटलं नाही. माझं पूर्ण नाव त्यानं नीट उच्चारलं आणि पुढं ‘साहब’ लावलं. ओळखपत्राचा फोटो पाठवला, कँटीनच्या कार्डाचा पाठवला. म्हणाला, गाडी येऊन कूलर घेऊन जाईल, पैसे आत्ताच पाठवतो, फक्त आमचं पेमेंट जरा वेगळं असतं, मी कोड पाठवतो तो तुम्ही स्कॅन करा. आधी खात्रीसाठी पाच रुपयांचा कोड. मी चष्मा शोधत होतो. मुलीनं फोन हातातून ओढून घेतला.

“पप्पा, पैसे घ्यायला पिन लागत नाही!”

2016 साली यूपीआय आलं. नोटाबंदीनंतर भाजीवाल्यापासून सगळ्यांनी ते घेतलं, मीही घेतलं. रोज त्यावर दूध आणतो. पण पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येणाऱ्या पैशाला काहीच टाकावं लागत नाही, ही एवढी साधी गोष्ट मी कधी मनात नीट उच्चारली नव्हती. जवान असल्याचा बहाणा करून जुन्या वस्तू विकणाऱ्यांना असं फसवणं ही देशभर चाललेली युक्ती आहे. माझ्या एका सहकाऱ्याचे सोफा विकताना अठरा हजार गेले होते. त्यानं 1930 या सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर फोन केला, पण दुसऱ्या दिवशी. तोवर पैसे पुढं कुठल्या कुठं गेले होते. असा फोन पहिल्या तासाभरात केला तरच काही अडवता येण्याची आशा असते. शाळेत त्यानं हे कुणाला सांगितलं नाही, मलाही खूप दिवसांनी सांगितलं. मास्तर माणूस फसला हे सांगायची लाज.

मला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटली. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक बघून मला शंका यायला हवी होती. ती आली नाही, कारण त्यानं माझं नाव न अडखळता घेतलं होतं.

इथं कपाटाची गोष्ट सांगायला हवी. ती मी टाळत होतो.

कपाट घ्यायला एक नवरा-बायको तयार झाले होते. नवं बिऱ्हाड मांडत होते. दोघं छान मराठीत लिहायचे, शुद्धलेखनाच्या चुका नव्हत्या, त्यामुळं मी जरा जास्तच खूश. 5,000 रुपये ठरले. टोकन पाठवू का, असं त्यानं विचारलं, मी नको म्हटलं. रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येणार. शनिवारी रात्री त्यानं पत्ता मागितला. अ‍ॅपवर माझं फक्त पहिलं नाव होतं आणि तेही इंग्रजीत, बहुधा त्यानं नीट वाचलं नसावं. मी पत्ता पाठवला आणि सवयीनं वर पूर्ण नाव लिहिलं. “ओके.” अर्ध्या तासानं पुन्हा मेसेज. “सॉरी सर, मिसेसना दुसरं कपाट आवडलं.”

बाईंना खरंच दुसरं आवडलं असेल. लोक रोज अशी वचनं देतात आणि मोडतात, माझ्या तेवीस जणांपैकी वीस जणांना माझं नाव वाचायचीही गरज पडली नव्हती. हे सगळं मी स्वतःला समजावलं. पण पुण्यात भाड्याचं घर शोधलेल्या आमच्यापैकी कुणालाही विचारा. एजंट पहिल्यांदा नाव विचारतो आणि मग त्याच्या आवाजात एक बारीक बदल होतो, ‘बघून सांगतो’च्या आधीचा. तो बदल आमच्या कानांना इतका पाठ झाला आहे की नसला तरी ऐकू येतो. मेसेजला तर आवाजच नसतो. त्या ‘सॉरी सर’मध्ये काय होतं ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. जुन्या बाजारात कुणी अब्बांची टोपी बघून पुढं गेलं तर अब्बांना ते दिसायचं. ते हसून पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायचे.

मी यावर घरात काही बोललो नाही. पण मुलीनं मेसेज वाचला होता. दोन दिवसांनी मी जाहिरात उघडली तर विकणाऱ्याच्या नावाच्या जागी ‘समीर’.

“हे कोण?”

“तुम्हीच. दोन्हीकडं चालतं.”

चालतं खरं. संस्कृतात समीर म्हणजे वारा आणि अरबीत समीर म्हणजे रात्री गप्पा मारत बसणारा सोबती. नाव उत्तम आहे, फक्त माझं नाही. मुलीनं जाहिरातीचा मजकूरही आटोपशीर केला होता. ‘जुनं मजबूत शिलाई मशीन, चालू स्थितीत.’ वेल्डिंग गेलं, सुटणारा टाका गेला. मी चश्म्यातून ते दोनदा वाचलं आणि फोन ठेवून दिला. बदल असं म्हणालो नाही. मुलीनं केलं ते चौदा वर्षांच्या अकलेनं केलं. ते तसंच राहू दिलं ते मी.

फरक पडला का? खरं सांगायचं तर मेसेज वाढले असं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही. सुट्ट्या लागल्या होत्या, लोक घरं बदलत होते, त्यानंही वाढले असतील. एक मात्र बदललं. आधी हिंदीत ‘भाई’ म्हणणारे आता मराठीत ‘दादा’ म्हणू लागले. मी आयुष्यभर मराठी शिकवतोय, माझ्या जाहिराती मराठीत होत्या, तरी मला मराठीत हाक मारायला लोकांना समीर लागला.

सासवडच्या एका ताईंनी फोन केला. मेसेज नाही, सरळ फोन. मला तेवढ्यानंच बरं वाटलं. त्यांच्या बचत गटाचं कापडी पिशव्या शिवायचं काम होतं. 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून दुकानदार थोड्याफार पिशव्या घेतात, म्हणाल्या. सुनेनं शिवणकामाचा कोर्स केलाय, पण घरातलं हलकं मशीन जाड कापडाला दम खात नाही. “जुन्या मशीनला वजन असतं बघा, समीरदादा. ते जाड कापड खेचतं.”

जाड कापड. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं. मी म्हणालो, “या, बघून घ्या.” फोनवर 4,000 ठरले.

सोमवारी सकाळी त्या मुलाला घेऊन, तीनचाकी टेम्पो करून, दिवे घाट उतरून आल्या. वाड्याचा लाकडी जिना चढून दारात उभ्या राहिल्या. समोरच्या भिंतीवर काबागृहाचं चित्र, खाली पलंगावर ओढणी घेतलेली अम्मी, हातात तसबीह. ताई क्षणभर थांबल्या. मुलानं खिशातून फोन काढून पत्ता पुन्हा बघितला. मी म्हणालो, “बरोबर आलात, या.”

चहा झाला. ताईंनी घेतला. मुलगा म्हणाला, उपास आहे. सोमवार होता, असेलही. उपासाला चहा चालतो हे मला माहीत आहे. पण काहींना चालत नसेल.

ताईंनी चादर बाजूला करून मशीनवर हात फिरवला. चाक फिरवलं, पट्टा दाबून बघितला, खाली वाकून पायडल बघितलं. मग पिशवीतून जाड कापडाचा तुकडा काढून चार घड्या केल्या. तेवढ्यात अम्मी पलंगावरून म्हणाली, “त्याच्यावर टाका सुटतो हां बाई. पोरानं सांगितलंच असेल.”

ताईंनी माझ्याकडं बघितलं. “नाही हो. यांनी नाही, फोनवर समीरदादा होते. ते कुठंयत?”

“समीर कौन?” अम्मीनं मला विचारलं.

अशा वेळी माणसाला काहीतरी सुचायला हवं. मला काहीच सुचलं नाही. मी म्हणालो, “मीच. अ‍ॅपवर ते नाव टाकलं होतं.”

“का?” हे अम्मीनं विचारलं, ताईंनी नाही. ताईंना बहुधा कळलं होतं. त्या काही न बोलता स्टुलावर बसल्या, मशीन पाठीमागं कलतं करून खालून बघायला लागल्या. वेल्डिंगचा पाय त्यांच्याच नजरेला पडला. “हेही सांगितलं नव्हतंत.” मी गप्प. मग त्या म्हणाल्या, “दादा, रागावू नका. पण नावच दुसरं निघालं, तर मशीन दोनदा तपासायला नको का मला?”

मला त्यांना सगळं सांगावंसं वाटलं. कपाटाचं, ‘सॉरी सर’चं, घर शोधतानाच्या एजंटांचं. पहिल्या जाहिरातीत मी सगळे दोष लिहिले होते आणि लोकांनी त्यांचाच दगड करून मला मारला, हेही. पण त्या दिवे घाट उतरून, टेम्पोचं भाडं मोजून, गटाच्या बायकांचे पैसे घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते का ऐकावं? आणि मी गप्प राहिलो असतो, अम्मी आतल्या खोलीत असती, तर ते मशीन सासवडला जाऊन पहिल्याच पिशवीला टाके सोडत बसलं असतं. अब्बांच्या मशीनवर मी अब्बांना मान्य नसलेला सौदा करत होतो. नाव लपवायला माझ्याकडं निदान कारण होतं. टाका लपवायला कुठलं कारण होतं?

आणि एकदा नाव ऐबासारखं झाकलं की बाकीचे ऐब झाकायला वेगळी हिंमत लागत नाही, हे मला त्या स्टुलाशेजारी उभं राहून कळत होतं.

अम्मी उठली. गुडघ्यांवर हात ठेवत मशीनपाशी आली, ताईंना म्हणाली, “सरका थोडं.” पाच वर्षांनी ती मशीनवर बसली. ड्रॉवरमधून सुयांची पुडी काढली, बारीक सुई काढून अठरा नंबरची लावली, वरच्या धाग्याचा ताण ढिला केला, डबी काढून फुंकर मारली, परत बसवली. चार घड्यांचं कापड पायाखाली घातलं आणि पायडल मारलं. तोच आवाज. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली. टाका सरळ गेला. अम्मीनं उलट फिरवून दुसरी ओळ मारली. मध्ये दोन टाके सुटले.

“बघितलं?” अम्मी ताईंना म्हणाली. “मोठी सुई लावली की कमी सुटतो. पण सुटतो. शटल घासलंय. नवं शटल टाकलं की नाही सुटणार. यांच्या अब्बांनी दोनदा बदललं होतं. पेठेत पार्टच्या दुकानात मिळतं. त्याचे पैसे किमतीतून कमी करा.”

यापुढं जी घासाघीस झाली ती मी नुसती बघितली. ताई म्हणाल्या 2,500. अम्मी म्हणाली, पट्टा नवाय, चाक बघा किती हलकं फिरतंय. ताई म्हणाल्या, टेम्पोचं भाडं बघा. अम्मी म्हणाली, मशीन चाळीस वर्षांचं आहे, तुमच्या सुनेच्या सुनेला पुरेल. ताई उठल्या, दारापर्यंत गेल्या. अम्मी गप्प. ताई परत आल्या. 3,000 वर दोघी थांबल्या. दोघीही खूश दिसत होत्या, गेल्या दोन महिन्यांत त्या मशीनवरून पहिल्यांदाच कुणी खूश झालं होतं.

पैसे मोजायच्या आधी ताई म्हणाल्या, “चिठ्ठी करून द्या. गटाला दाखवायला लागते. आणि दादा, नाव खरं लिहा.”

मी वहीचं पान फाडलं. अमुक तारखेला अमुक मशीन 3,000 रुपयांना विकलं. खाली नाव लिहिलं, माझं, अब्बांचं, मग आडनाव. नवरा-बायकोला कपाटाचा पत्ता पाठवताना लिहिलं होतं तसंच. अम्मी वाचत होती. “टाका सुटतो तेपण लिही,” ती म्हणाली. तेही लिहिलं. वेल्डिंगचंही लिहिलं. ताईंनी चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये ठेवली. जाताना त्यांनी माझा नंबर फोनमध्ये पुन्हा टाकला. समीर पुसून माझं नाव त्यांनी मला स्पेलिंग विचारत लिहिलं. मला तेवढं बघून गेलेलं काही परत आल्यासारखं वाटलं, असं म्हणणार होतो, पण खरं तर ओशाळाच वाटत होतं.

जिन्यावरून मशीन उतरवायला मुलगा आणि मी. वळणावर त्याला ओझं झेपेना, त्यानं माझा हात घट्ट धरला. खाली पोहोचल्यावर घाम पुसत म्हणाला, “काका, पाणी मिळेल का?” मुलीनं तांब्या आणून दिला. उपासाला पाणी चालत असावं.

रात्री मुलीनं न सांगता नाव परत बदललं. कपाटाच्या जाहिरातीत मी एक ओळ वाढवली, ‘डावं दार उचलून लावावं लागतं.’ दहा मिनिटांत मेसेज आला, “भाई, लास्ट प्राइस?” मी लिहिलं, या, बघा, मग बोलू. तो काही आला नाही.

कूलर शेवटी भंगारवाल्याकडं गेला आणि सायकल बायकोच्या भाचीला दिली. कपाट मुदतीत गेलं नाही, म्हणून टेम्पोत घालून कोंढव्याला आणलं. गॅलरीत ठेवलंय. बायको रोज त्याला ठेचकाळते. ऑगस्टमध्ये ताईंचा फोन आला होता, अम्मीकडं. शटल कितीचं मिळतं, कुठल्या दुकानात, हे विचारायला. दोघी वीस मिनिटं बोलल्या. जाहिरात अजून आहे. अ‍ॅप अधूनमधून सांगतं की ती खाली गेली आहे, वर आणायची असेल तर पैसे भरा. काल कुणीतरी विचारलं, “अव्हेलेबल?”

हो, म्हटलं.